कोयनेचं खोरं: डोंगर, रान आणि जनावरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडचा. आजीचं माहेर कोयनेच्या वरच्या अंगाला होतं. 'होतं' म्हणायचं कारण पुढं येईलच. गेली बरीच वर्षं मित्रांना, मित्रांच्या मित्रांना आणि त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना घेऊन मी या भागात फिरतोय. निघायच्या आधी फोनवर आणि परत येताना गाडीत तेच ते प्रश्न येतात. दरवेळी तीच टकळी चालवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो.

हे खोरं नेमकं आहे कुठं?

महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्या उगम पावतात असं मानतात. त्यांतल्या कृष्णा आणि वेण्णा पूर्वेला उतरतात, सावित्री कोकणात उडी घेते. कोयना मात्र कुणाचंच न ऐकता सरळ दक्षिणेला निघते. सह्याद्रीची मुख्य धार उजव्या हाताला, बामणोलीची रांग डाव्या हाताला आणि मधल्या खाचेतून ती सुमारे ६५ किलोमीटर वाहते. हेळवाकला एकदम काटकोनात पूर्वेकडं वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते. महाबळेश्वर ते हेळवाक ही जी दोन रांगांमधली लांबट खाच आहे, तिच्याबद्दलच हे सगळं आहे. हेळवाकच्या खालचं, पाटणकडचं खोरं म्हणजे ऊस, भात आणि एसटी स्टँड. तो वेगळा मुलूख.

इतकं निर्जन कसं राहिलं? पूर्वीपासून असंच आहे का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. लाँचमधून उतरून दहा पावलं रानात शिरलं की लोक आवाज खाली आणतात आणि म्हणतात, 'हजारो वर्षांचं जंगल!' त्यांचं चुकतं असंही नाही. वरच्या धारेवरचं रान खरंच जुनं आहे. पण तुम्ही जिथं उभे असता तिथं पुष्कळदा माझ्या आजीच्या लहानपणी नाचणी पिकत होती.

कोयनेवर देशमुखवाडीजवळ धरण बांधलं गेलं. उंची १०३ मीटर, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात पाणी साठायला लागलं. मागं पन्नासएक किलोमीटर लांब शिवसागर जलाशय पसरला. खोऱ्याच्या तळाची सपाट, गाळाची, भाताची जमीन पाण्याखाली गेली, आणि तिच्याबरोबर शंभरएक गावंही. माणसं सातारा, सांगली, सोलापूरपासून ठाणे-रायगडपर्यंत विखुरली. जी वर सरकून राहिली, त्यांचे रस्ते बुडाले. पूर्वी नदीकाठानं चालत ज्या गावाला तासात पोचता यायचं, तिथं आता होडीशिवाय जाता येईना. शाळा, दवाखाना, बाजार सगळंच लांब पडलं. मग त्यांच्यातलेही बरेच मुंबईला गेले. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, त्यानंतर आतली काही गावं पुन्हा उठली.

माणसं गेली आणि रान खाली उतरलं. म्हणून हे निर्जनपण पुराणकाळापासूनचं नाही, त्याचं वय साठीच्या घरात आहे. रानात चालताना नीट बघा. एका उताराला दगडी बांध दिसतील, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले, शेवाळलेले. त्या बांधावर आता मांडीएवढ्या जाडीची झाडं आहेत. ती खाचरं होती. दाट झाडीत अचानक एक म्हातारा फणस किंवा रायवळ आंबा आणि बाजूला जोत्याचे चार दगड दिसले, तर ते कुणाचं तरी परसू होतं. तो फणस आता अस्वलाचा.

कांदाटी खोरं म्हणजे वेगळं काही का?

कोयनेच्याच पश्चिमेचं, सह्याद्रीच्या धारेला चिकटलेलं छोटं खोरं. तापोळ्याजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटीचं पाणी एकत्र येतं. कांदाटीतली शिंदी, वळवण, आकल्पे ही गावं कागदोपत्री महाबळेश्वर तालुक्यात आहेत, पण तहसीलला जायचं तर मध्ये जलाशय आडवा. उलट पश्चिमेला रघुवीर घाट उतरला की खेड. म्हणजे जिल्हा साताऱ्याचा आणि बाजार रत्नागिरीचा. 'दुर्गम' हा शब्द वर्तमानपत्रांनी झिजवून टाकलाय, पण इथं तो शोभतो.

तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणायची पद्धत मला मुळीच आवडत नाही. काश्मीरला गवा नाही आणि कारवीही नाही.

इथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात?

कारण ते एकावर एक थर चढून झालेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, पुन्हा वाहिला. कठीण थर कडा होऊन उभे राहतात, मधले ठिसूळ थर झिजून उतार होतात. कड्यांच्या मधल्या पट्ट्यांत माती धरते, म्हणून झाडीही पट्ट्यापट्ट्यांनी दिसते. जलाशयाकाठच्या बामणोली गावाहून लाँच निघाली की समोरच्या डोंगराकडं बघा: काळा कडा, हिरवी पट्टी, काळा कडा, हिरवी पट्टी.

माथ्यावर बऱ्याच ठिकाणी जांभा दगडाची टोपी आहे. त्यामुळं माथे टोकदार नसतात, सपाट असतात. या सपाट खडकाळ माथ्यांना इथं 'सडा' म्हणतात. जलाशयाची भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ६५९ मीटरवर असते आणि सडे हजार-बाराशे मीटरांवर. म्हणजे लाँचमधून दिसतो तो डोंगर फार उंच वाटत नाही. त्याची खरी उंची कळते ती पश्चिमेच्या कड्यावर गेल्यावर. नागेश्वरच्या गुहेपाशी उभं राहिलं की खाली कोकणातलं चोरवणे दिसतं, आणि पोटात गोळा येतो.

पाऊस किती पडतो?

पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा. कोयना, नवजा, महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे पावसाचे आकडे रोज छापून येतात, आणि सांगलीपर्यंतची माणसं ते आधी वाचतात. वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर आणि त्याच्याही पुढं, असा हा पाऊस आहे. गंमत म्हणजे माझ्या कराडला, म्हणजे त्याच नदीवर तास-दीड तासाच्या अंतरावर, तो सहा-सातशे मिलिमीटरवर येतो. ढग धारेवर आपटतात, ओझं उतरवतात आणि रिकामे होऊन पुढं येतात.

एवढा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ थेंब नाही. इथल्या प्रत्येक झाडाचं, बेडकाचं आणि माणसाचं वेळापत्रक या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

सड्यावर नुसता दगड असतो, मग फुलं कशी येतात?

दगड आहे म्हणूनच येतात. सड्यावर माती बोटभर, पावसाळ्यात पाणी साचलेलं, मेमध्ये तवा. झाड तिथं टिकत नाही. झाडाची सावली नाही म्हणून इवल्या वनस्पतींना रान मोकळं. जून-जुलैत उगवायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं, ऑक्टोबरात बी टाकून संपायचं. तेरडा, सोनकी, गेंद, दीपकाडी अशी पाळीपाळीनं हजेरी लागते. 'सीतेची आसवं' हे निळंजांभळं नाजूक फूल दिसायला फार सोज्वळ, पण झाड मांसाहारी. जांभ्यावर नत्र मिळत नाही, म्हणून ते मुळांपाशी असलेल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतं. साचलेल्या पाण्यात दोन शेंडी असलेला गुलाबी-जांभळा वायतुरा दिसला तर पाय जपून टाका, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

कासचं पठार या खोऱ्याच्या पूर्वेच्या रांगेवर येतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. लोक कासला गर्दी करतात आणि तिथूनच मागं फिरतात. खाली वीसेक किलोमीटरवर बामणोली आहे, तिथवर फार थोडे येतात. बरंच आहे म्हणा.

रानात झाडं कुठली?

वरच्या अंगाला, धारेजवळ, जांभूळ-अंजन-पिसा या तिघांचं राज्य. सदाहरित, बुटकी, वाऱ्यानं वाकलेली झाडं, खोडांवर शेवाळ. हिरडाही भरपूर. खाली उतरलं की ऐन, किंजळ, नाणा, बेहडा ही पानगळीची मंडळी. ओढ्यांच्या घळींत उंबर, आंबा आणि कोवळ्या पालवीनं मार्चमध्ये लालेलाल झालेली जांभळं. पालवीचा तो लाल रंग बघून बाहेरचे लोक विचारतात, 'कुठलं फूल आलंय?'

अंजनाचं एकदा जवळून बघाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीला थेट, देठ नसल्यासारखे, निळ्या फुलांचे झुबके लगडतात. फांदीवर कुणी निळी लोकर गुंडाळल्यासारखी दिसते. खाली पाकळ्यांचा सडा पडतो आणि पायवाट चार-सहा दिवस निळी होते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा बरोबरच्या गाववाल्याला कौतुकानं दाखवायला गेलो. तो म्हणाला, 'त्याचं लाकूड लय चिवट.' बस, एवढंच.

आणि कारवी. उतारच्या उतार व्यापून टाकणारं, डोक्याएवढं उंच झुडूप. सात वर्षांनी एकदाच फुलतं, सगळं एकदम, आणि बी धरून मरतं. फुलोऱ्याच्या वर्षी मधमाश्यांची चंगळ. वाळलेल्या कारवीच्या काठ्यांचा कूड विणून, वर शेणमाती लिंपून इथल्या घरांच्या भिंती होत असत. अजूनही एखाद्या धनगरवाड्यावर असं घर दिसतं.

प्राणी कुठले आहेत?

गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या, अस्वल, रानकुत्रे म्हणजेच कोळसुंदे, शेकरू, वानर, साळिंदर, खवल्या मांजर. पाण्याच्या काठानं पाणमांजर. यादी वाचायला सोपी आहे, पण दोघा-तिघांबद्दल बोलायला हवं.

गवा हा इथला खरा मालक. पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो, खांद्यापाशी माणसाएवढा उंच, काळाभोर, आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. लोक 'गवारेडा' म्हणतात, पण तो रेड्याचा कुणी नाही, गाईबैलांच्या बाजूचा आहे. एवढं प्रचंड धूड कारवीत शिरलं की दहा पावलांवर दिसत नाही. एकदा आम्ही पायवाटेवर बसून पाणी पीत होतो. शेजारच्या कारवीतून कुणीतरी जोरात नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. मला वाटलं मागं राहिलेला आमचाच माणूस. मग झुडपाचा एक अख्खा तुकडा हलला आणि उताराला धाडधाड दगड सुटले. तो दिसला शेवटपर्यंत नाही, पण त्या जागी कितीतरी वेळ गोठ्यासारखा वास होता.

पिसोरी हे दुसरं टोक. खुरांचं हरिण म्हणावं तर सशापेक्षा थोडं मोठं, वजन तीनेक किलो, शिंगं नाहीत, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. रात्री फिरतं, दिवसा पोकळ खोडात किंवा दगडाच्या कपारीत बसून राहतं. मला आजवर एकदाच दिसलंय, तेही पळताना.

शेकरू म्हणजे राज्यप्राणी, मोठी झुपकेदार खार. ही मात्र दिसते, कारण गप्प बसवत नाही. खालून माणूस चालला की वरून 'चक्-चक्-चक्' सुरू. एकेक शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधून ठेवतं, आणि घरटं जाणूनबुजून बारीक फांद्यांच्या टोकाला असतं, म्हणजे जड शिकाऱ्याला तिथवर पोचता येऊ नये.

वाघ आहे का?

आधी एक सांगतो. गावात कुणी 'वाघ आला होता' म्हणालं तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो बिबट्या असतो. पट्टेरी वाघाला इथं वेगळं, 'ढाण्या वाघ' म्हणतात.

कोयना अभयारण्य आणि दक्षिणेचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६०० चौरस किलोमीटर, बफर धरून ११६५. प्रकल्प झाला खरा, पण पुष्कळ वर्षं वाघाचा पत्ता क्वचितच लागायचा, कधी विष्ठा, कधी पाऊलखुणा. डिसेंबर २०२३ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. दक्षिणेला राधानगरी, तिलारी आणि पुढं कर्नाटकापर्यंत रानाची तुटक का होईना साखळी आहे, तिच्यातून नर भटकत वर येतात. माद्या एवढ्या लांब सहसा जात नाहीत. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याकडची वाघीण आणून चांदोलीत सोडली गेली.

तुम्हाला वाघ दिसेल का? नाही. त्यासाठी विदर्भात जा.

इथल्या वासोटा किल्ल्याचं दुसरं नाव व्याघ्रगड आहे, ते मात्र खरं.

मग दोन दिवस फिरूनही काहीच का दिसलं नाही?

हा प्रश्न जरा रागानंच विचारला जातो. ताडोब्यासारखं उघडं रान, जिप्सी आणि पाणवठ्यावर बसलेली वाघीण डोक्यात ठेवून लोक येतात. इथं रान दाट, जमीन उभी, आणि जनावरं बहुतेक रात्रीची. शिवाय आपण बारा जण, त्यातला एकजण मोबाइलवर गाणी लावणारा.

बघायचंच असेल तर खाली बघा. मार्च-एप्रिलपासून जलाशयाचं पाणी उतरायला लागतं, काठाला ओल्या गाळाची पट्टी उघडी पडते. पहाटेच्या लाँचनं गेलात तर ती पट्टी म्हणजे आदल्या रात्रीचं हजेरीपुस्तक असतं. गव्याचे दुभंगलेले खूर बैलासारखे, पण मोठे आणि गोलसर. सांबराचे टोकदार. बिबट्याच्या पंजात नखांची खूण उमटत नाही, कुत्र्याच्या, कोळसुंद्याच्या पंजात उमटते. पाणमांजराच्या बोटांमधला पडदा मऊ चिखलात कधी कधी स्पष्ट दिसतो. मेमध्ये अस्वलाची विष्ठा म्हणजे जांभळाच्या आणि करवंदाच्या बियांचा ढीग. अस्वल किती झाडं लावतं याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

पक्ष्यांसाठी किती दिवस काढावेत?

पक्ष्यांच्या बाबतीत हे खोरं हात आखडत नाही, एक सकाळही पुरते. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, उंबरावर थव्यानं असतो आणि हलल्याशिवाय पानांतून वेगळा दिसत नाही. रानकोंबडा ऐकू जास्त येतो. मलबारी कर्णा दाट सावलीत पाठ करून बसतो, त्याची लालभडक छाती बघायची तर समोर जावं लागतं आणि समोर गेलं की तो उडतो. तुरेवाला सर्पगरुड दुपारी डोक्यावर घिरट्या घालत ओरडतो. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्यातून माणसानं सवडीनं घातल्यासारखी शीळ आली, सूर मध्येच चुकत, पुन्हा लागत, तर तो शीळकरी कस्तूर.

राखी धनेश नेहमीचा, महाधनेश नशिबाचा. धनेशाची मादी विणीच्या हंगामात झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त एक चीर ठेवते. दोन-तीन महिने ती कोंडलेली. नर उंबर, वडाची फळं गळ्यात भरून आणतो आणि चिरेतून एकेक पुढं करतो. मी एकदा लांबून दुर्बिणीनं मोजलं: एका फेरीत त्यानं एकापाठोपाठ एकवीस फळं दिली, बाविसावं पडलं. तो मान वाकडी करून खाली बघत राहिला, अगदी हातातून किल्ली गटारात पडल्यावर माणूस बघतो तसा. असं झाड सापडलं तर जवळ जाऊ नका, आणि जागा कुणाला सांगू नका. नर बिचकला की आतले उपाशी.

साप, जळवा वगैरे?

जळवा पावसात आहेत. मीठ किंवा तंबाखूचं पाणी पायाला लावतात, तरी दोन-चार लागतातच. ओढून काढू नका, नखानं तिचं तोंड कडेनं सरकवा.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघंही या मुलखात आहेत. शिवाय चापडा: हिरवा, तपकिरी, कधी पिवळट, फांदीवर तासन्‌तास न हलता बसणारा. पायवाटेला आडव्या आलेल्या फांदीला न बघता हात घालायचा नाही, हा एकच नियम पाळलात तरी पुष्कळ.

खरा खजिना मात्र याहून लहान आहे. कोयना भेक नावाचा एक छोटासा भेक आहे, कुशीवर पिवळे डाग असलेला. शास्त्राला त्याची ओळख १९६३ मध्ये झाली, म्हणजे खोऱ्यात पाणी चढत होतं त्याच सुमारास. जगात तो फक्त सह्याद्रीच्या या थोड्या भागात आहे आणि संकटग्रस्तांच्या यादीत आहे. आणि देवगांडूळ: दिसायला गांडूळ, प्रत्यक्षात बेडकाचा बिनपायाचा भाऊबंद, पाठीचा कणा आणि दात असलेला. त्याची एक जात २००४ मध्ये कोयनेच्या हुंबर्लीतून नव्यानं नोंदली गेली, तिच्या नावात महाराष्ट्र आहे. पावसात दगड उलटून बघायची हौस असेल तर दगड होता तसा परत ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.

गवा किंवा अस्वल समोर आलं तर?

गव्याला वाट द्या. तो थांबून बघत असेल तर आपणही थांबायचं, मग हळूहळू मागं सरकायचं, मोठं झाड आडोशाला घ्यायचं. फोटोसाठी पुढं जायचं नाही, एकटा नर असेल तर मुळीच नाही.

अस्वलाची गोष्ट वेगळी. त्याची नजर अधू, कानही फार तिखट नाहीत, आणि तोंड वारुळात खुपसलेलं असेल तर आपण येतोय हे त्याला कळतच नाही. अचानक समोर आलो की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून दाट झाडीत बोलत, काठी आपटत चाला. इतर वेळी मी लोकांना गप्प करतो, इथं मीच मोठ्यानं बोलतो. तिन्हीसांजेला आणि भल्या पहाटे एकट्यानं पायवाटेला लागू नका. गावातली माणसंही लागत नाहीत.

कधी यावं?

फुलं सप्टेंबरात. निवांत चालणं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी जलाशयावर धुकं असतं. अंजन आणि पालवी मार्चमध्ये. करवंद, जांभूळ आणि पाण्यावर येणारी जनावरं मेमध्ये, पण उकाडा सोसावा लागेल. मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंत काजवे. माझं मत विचाराल तर मेचा शेवटचा आठवडा. त्याचं कारण काजव्यांपेक्षा पाण्यात आहे. शेवटून दुसऱ्या प्रश्नात सांगितलंय.

परवानगी लागते का?

लागते. हा व्याघ्र प्रकल्प आहे. वासोट्याला बामणोलीहून वनखात्याची नोंद करून लाँचनं मेट इंदवलीला उतरायचं, तिथं तपासणी होते. बरोबरचं प्लॅस्टिक मोजून घेतात आणि परत येताना तेवढं दाखवावं लागतं. गडावर मुक्काम करता येत नाही, त्याच दिवशी उतरायचं. पावसाळ्यात बंद. आमच्यातल्या एकाची एक बाटली परतताना कमी भरली, तेव्हा तो भर उन्हात अर्धा डोंगर पुन्हा चढला. तेव्हापासून मी बाटल्यांवर नावं घालतो.

हा भूकंपाचा भाग ना? भीती आहे का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. साठवलेल्या पाण्यामुळं भूकंप होऊ शकतात का, या प्रश्नाच्या अभ्यासात जगभर कोयनेचं नाव घेतात. पुढं शास्त्रज्ञांनी इथं सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासले. बारीक धक्के अजून बसतात. इथले लोक भांडं वाजलं की 'हालला' म्हणतात आणि पुढचा घास घेतात.

पाणी उतरल्यावर जुनी गावं खरंच दिसतात?

सगळी नाही, आणि दर वर्षी सारखी नाही. धरणाचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं, त्यामुळं मेच्या शेवटी पाणी सगळ्यात खाली असतं. त्या वर्षी पाऊस आणि वीजनिर्मिती यांचं गणित कसं बसलं त्यावर किती उघडं पडेल ते ठरतं. इथलं बरंच पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या बाजूला सोडतात, त्यावर वीज होते आणि ते वाशिष्ठीला मिळून समुद्रात जातं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडं निघालेलं पाणी अरबी समुद्रात पोचतं.

पाणी फार खाली गेलं की आधी झाडांचे काळे बुंधे वर येतात, मग बांध, मग देवळाचं जोतं. मी एकदा वडिलांबरोबर गेलो होतो. त्यांनी गाव लहानपणी बघितलेलं, आजोळ म्हणून. गाळाला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून कोवळं गवत आलं होतं. काठापासून लांब एका जोत्यावर ते उभे राहिले, हे घर आपलं की शेजारचं यावर स्वतःशीच बराच वेळ वाद घातला. शेवटी एक जात्याची तळी सापडली, खुंट्याच्या भोकात गाळ भरलेली. त्यांनी काडीनं गाळ उकरला. आत एक खेकडा होता.

जोत्याच्या मधोमध, जिथं माजघर असावं, तिथून गव्यांचा कळप गेल्याची ताजी वाट होती. पाण्यावर जायला त्यांना ती सोयीची पडत असणार.

मोबाइलला रेंज येते का?

बामणोलीत थोडी. पलीकडं धरू नका. लाँचवाल्याला परतीची वेळ जाताना नीट सांगून ठेवा, आणि ती वेळ पाळा. अंधार पडल्यावर तो वाट बघत थांबतो, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला घेऊन जायचं त्याच्या जिवावर येतं.